संध्याकाळी दार उघडे असू द्या : आमच्या मंडळीच्या पंच कमिटीस खुले पत्र

माननीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीच्या सर्व सभासदांना,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी उपासनेच्या सूचनांमध्ये आपला निर्णय वाचून दाखवला गेला आणि त्याच दुपारी तो छापील कागदावर चर्चच्या, म्हणजे आपल्या मंदिराच्या, दाराला लावण्यात आला. यापुढे मंदिर रविवारी सकाळी नऊ ते अकरा एवढाच वेळ उघडे राहील. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात दार उघडे ठेवण्याची पद्धत बंद करण्यात येत आहे. बुधवारची प्रार्थना मोबाईलवरून होईल आणि तिची लिंक मंडळीच्या ग्रुपवर येईल. कारण म्हणून ‘सध्याची परिस्थिती’ एवढे दोनच शब्द होते आणि त्याखाली बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या सहाव्या वचनाचा, म्हणजे खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना कर या सांगण्याचा, आधार दिला होता. सोमवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे गेले, तेव्हा चॅनेल गेटला नवे कुलूप होते आणि त्यावरचे दुकानाचे लेबलसुद्धा अजून निघालेले नव्हते. मी साडेसातपर्यंत पायरीवर बसून घरी आले.

त्यानंतर मी आपल्यापैकी दोघांशी समक्ष बोलले आणि एक अर्जही दिला. ‘बघू’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्याला आणखी एक कारण आहे. त्या दाराने संध्याकाळी येणाऱ्यांत आपल्या मंडळीचे सभासद नसलेली माणसे बरीच होती, आणि त्यांना पंच कमिटीकडे अर्ज करता येत नाही.

मी साठी ओलांडलेली निवृत्त परिचारिका आहे. माझे बालपण पाटण तालुक्यात गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात काढल्या, कारण धक्के थांबत नव्हते आणि छपराखाली जायला कोणी धजत नव्हते. आई मध्ये कंदील ठेवायची, आम्हा भावंडांना आणि शेजारच्या दोन घरांतल्या मुलांना एकाच घोंगडीखाली घ्यायची आणि १२१ वे स्तोत्र म्हणायची. आपला राखणदार डुलकी घेत नाही, झोपी जात नाही, असे त्यात सांगितले आहे. ज्या रात्री मोठी माणसेसुद्धा डोळा मिटायला घाबरत होती, त्या रात्री दुसरे कोणीतरी जागे आहे हे ऐकून आम्ही मुले झोपत होतो. त्या घोंगडीखाली एकमेकांना लागलेले गार पाय मला अजून आठवतात.

पुढे पन्नासहून अधिक वर्षांनी तीच गोष्ट आपल्या मंदिरात घडली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. त्यामुळे सत्तावन्नचा अर्थ काय, हे मी सांगायला नको. कर्नाळ रस्त्याकडचे आमचे घर माळ्यापर्यंत पाण्यात होते. मंदिर उंचावर असल्यामुळे तिथे पाणी पोचले नाही, आणि त्या वेळच्या पंच कमिटीने, ज्यांच्यातले दोघे आजही कमिटीवर आहेत, सभा न बोलावता आणि ठराव न करता दोन्ही दारे उघडली. बाक भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या गेल्या. आम्ही बारा कुटुंबे तिथे सहा रात्री होतो, आणि त्यांपैकी ख्रिस्ती फक्त पाच होती.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली. ती बातमी आली त्या संध्याकाळी कोणी कोणाशी बोलत नव्हते. मुलेसुद्धा गप्प होती. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी प्रवचन केले नाही. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी ४६ वे स्तोत्र सावकाश वाचले. त्या स्तोत्रात आधी पाणी गर्जते, खवळते आणि डोंगर थरथरतात. आणि लगेच पुढे एक नदी येते, जिचे प्रवाह देवाच्या नगराला आनंद देतात. हे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ही दोन वचने अशी एकामागोमाग आहेत याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या; हरिपूरच्या संगमावर जाऊन दर वर्षी नदीची ओटी भरणाऱ्या. ऐकता ऐकता त्यांनी हळूच विचारले, “म्हणजे दोन्ही पाणी एकच का हो?” मला उत्तर देता आले नाही. पण जी नदी आपले शेत भिजवते, तिच्याच पाण्यातून लेकरू उचलून पळावे लागलेल्या माणसाला ते स्तोत्र आतून कळते, आणि आम्हाला ते त्या रात्री मंदिराच्या फरशीवर बसून कळले. त्यानंतर आम्ही जेवलो. मी हे मुद्दाम लिहिते, कारण दोन दिवस अन्न घशाखाली उतरत नव्हते.

मग कोरोना आला. मी निवृत्त झाले होते. मनुष्यबळ कमी पडू लागल्यावर पुन्हा कामावर बोलावले गेले आणि मी गेले. मे २०२१ मध्ये माझे यजमान त्याच आजाराने गेले. दफनाच्या वेळी आम्ही चार माणसे होतो. गीत झाले नाही, मंडळी नव्हती, माती टाकायलाही हात मोजकेच होते. सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे तेव्हा सरकारी आदेशाने बंद होती आणि ते योग्यच होते. परिचारिका म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाच महिन्यांत मी घरी, खोलीत, दार लावून प्रार्थना करण्याचा जो प्रयत्न केला, त्याचा अनुभव आपल्यापुढे ठेवणे मला भाग आहे, कारण आपण आज तोच उपाय सगळ्यांना सांगत आहात. मला शब्द फुटत नसत. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढे म्हटले की कानात वॉर्डातल्या यंत्राचा इशारा वाजू लागे. डोळे मिटले की ऑक्सिजनचा आकडा दिसे, त्र्याऐंशी, एक्क्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. मी विश्वास सोडला नव्हता. पण विश्वास असलेले माणूससुद्धा भीतीत एकटे सापडले की त्याचा श्वास कोंडतो, हे मी माझ्या देहात अनुभवले आहे.

७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्या संध्याकाळी मी मंदिरात गेले आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसले. शिपाईकाका दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी काही विचारले नाही. अर्ध्या तासाने उठून माठातले पाणी आणून दिले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. पुढचे अकरा दिवस मी फक्त बसून आले. बाराव्या दिवशी प्रभूची प्रार्थना ‘आमेन’पर्यंत म्हणता आली. त्या रात्री मी सलग चार तास झोपले. भीती गेली होती असे मी म्हणणार नाही. ती होती, पण मी आता तिच्या हातात नव्हते. आणखी कोणाच्या तरी हातात होते. ख्रिस्ती माणूस ज्याला शांती म्हणतो, ती मला अशी मिळाली. संध्याकाळी दार उघडे ठेवण्याची पद्धत त्याच महिन्यात सुरू झाली, आणि ती तेव्हाच्या कमिटीने सुरू केली, याबद्दल मी आजही ऋणी आहे.

आता आपल्या निर्णयाबद्दल.

पहिली गोष्ट आपण दिलेल्या वचनाची. आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर, असे प्रभू म्हणतो हे खरेच आहे. पण त्याच्या आधीच्याच वचनात तो कोणाबद्दल बोलत आहे हे पाहावे : लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल. दिखाऊपणावरचे ते औषध आहे, आणि ते घाबरलेल्या माणसाला दिले जात आहे. शिवाय आपल्या मंडळीतल्या निम्म्या घरांत दार लावून घ्यायला वेगळी खोलीच नाही. दीड खोलीत सहा माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, आजारी सासरे खाटेवर असतात. त्या घरातल्या सुनेला संध्याकाळचा अर्धा तास मंदिराच्या बाकावर मिळत होता. तोच तिचा एकांत होता.

आणि स्वतः प्रभूने काय केले? गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, त्याचा जीव मरणाएवढा खिन्न झाला होता, असे मत्तय लिहितो. देवाच्या पुत्राला भीतीचा घाम फुटला. त्या वेळी त्याने तिघा मित्रांना बरोबर नेले आणि सांगितले, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तो परत परत उठून त्यांच्याकडे आला. हा भाग वाचताना मला वॉर्डातल्या रात्री आठवतात. रुग्ण बऱ्याचदा औषध मागत नाही. तो फक्त म्हणतो, सिस्टर, जरा बसा. ज्या प्रभूला स्वतःच्या भयाच्या घडीला सोबत हवी होती, त्याच्या नावाचे मंदिर लोकांना भयाच्या काळात ‘घरी बसून करा’ असे सांगते, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट ‘सध्याची परिस्थिती’. या शब्दांमागे काय आहे ते आपल्याला आणि मला माहीत आहे, तेव्हा ते सरळ लिहिलेले बरे. ख्रिस्ती प्रार्थनेकडे संशयाने पाहण्याची हवा आहे, धर्मांतराचा विषय जिथे तिथे निघतो आहे, आणि परधर्मीय माणसे संध्याकाळी आपल्या बाकांवर बसतात यावरून कोणी उद्या काही म्हणेल, अशी आपल्याला धास्ती वाटते. पाळकसाहेबांना दोन फोन आल्याचेही मी ऐकले आहे. ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. आपल्या घरात लेकरेबाळे आहेत. पण भिऊन दार लावल्याने संशय कमी होत नाही. उघड्या दाराने आत काय चालते ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसत होते : चार माणसे गप्प बसलेली, एक पंखा फिरत असलेला. आता बंद दाराकडे पाहून कोणी काहीही म्हणू शकेल. २६ जानेवारी १९५० पासून या देशात राज्यघटना लागू आहे आणि तिच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आपल्याला जो अधिकार दिला आहे, तो शांतपणे आणि सभ्यपणे वापरला तरच टिकेल.

आपल्या या भागातल्या ख्रिस्ती कामाचा इतिहासही दार लावून घेण्याचा नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले आणि तिथे ज्या पेशंटांची रीघ लागली, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. साताऱ्यात १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोच मुळी बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता यावे म्हणून. ती माणसेही टीकेच्या आणि साथींच्या काळातच जगत होती.

एका संध्याकाळची गोष्ट सांगते. मिरजेत उपचारासाठी कर्नाटकापासून माणसे येतात, हे आपण जाणता. अशाच एक बाई, नवरा अतिदक्षता विभागात असलेल्या, चपला बाहेर काढून, पदर सावरून आल्या आणि दाराशीच जमिनीवर बसल्या. मी बाक दाखवला, तरी उठल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “इथे नुसते बसले तर चालते का?” मी म्हणाले, चालते. त्या पाच संध्याकाळी आल्या आणि नुसत्या बसून गेल्या. त्यांचे नाव मी विचारले नाही, पत्रक दिले नाही, त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थनाही केली नाही. सहाव्या दिवशी आल्या नाहीत. नवरा घरी गेला की देवाघरी, मला माहीत नाही. अशा बाईला आपले कुलूप काय सांगते, याचा विचार कमिटीने केला आहे का?

इथे माझ्याच लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘प्रार्थनेने आजार बरा होतो, औषधे बंद करा’ असे सांगणारे जे कोणी आहेत, ते रुग्णाचे आणि प्रभूच्या नावाचे दोघांचेही नुकसान करतात. मी जिथे शिकले, तिथे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आधी प्रार्थना होत असे आणि मग सर्जन हातात सुरी घेत असत. एकाने दुसऱ्याला कधी अडवले नाही. आपल्या मंदिरात कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्या माणसाला थांबवावे. त्यासाठी मंदिर बंद करण्याची गरज नाही.

तिसरे म्हणजे मोबाईलवरची प्रार्थना. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती जरूर चालू ठेवावी. पण ज्या ग्रुपवर ती लिंक येते, त्याच ग्रुपवर पावसाळ्यात रात्री अकरा वाजता धरण फुटल्याच्या अफवा येतात, आणि आता तर रोज कुठल्या ना कुठल्या हल्ल्याचे व्हिडिओ येतात, खरे-खोटे कोणी तपासत नाही. प्रार्थना ऐकायला फोन हातात घ्यावा तर आधी ते दिसते. मंडळीतल्या पंधरा-वीस वृद्धांकडे तर साधे फोन आहेत. त्यांना आपण विसरलात.

‘येतात तरी किती जण, चार-सहा’ असेही एका पंचांनी मला ऐकवले. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, असे ज्याने सांगितले, त्याच्या मंदिरात हा हिशोब लावू नये एवढेच म्हणते. हा निर्णय सभासदांच्या सभेपुढे आला नाही, याचेही मला वाईट वाटते. तो आला असता तर यातले बरेचसे तिथेच बोलता आले असते.

आपल्या भीतीला मी दोष देत नाही, कारण पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्यांनीही भिऊनच दारे लावून घेतली होती. प्रभू आला, मध्ये उभा राहिला आणि ‘तुम्हाला शांती असो’ म्हणाला, रागावला नाही. योहान पुढे असेही नोंदवतो की आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हाही दारे बंदच होती. एकदा शांती मिळाली म्हणून भीती कायमची जात नाही, हे त्यालाही माहीत होते, म्हणून तो दुसऱ्यांदा आला. पण पंचांनो, त्या बंद दारांच्या आत शिष्य एकत्र होते. आपल्या बंद दाराच्या आत कोणीच नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. रविवार सोडून रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मंदिर पूर्वीप्रमाणे उघडे ठेवावे आणि बुधवारची प्रार्थना मंदिरात घ्यावी. सुरक्षेची काळजी वाटते, तर रोज दोन सभासदांनी आळीपाळीने हजर राहावे. आठ जणांनी मला होकार दिला आहे आणि त्यांची नावे मी अर्जासोबत देईन. येणाऱ्याचे नाव, जात, धर्म विचारू नये. पाळकसाहेबांनी दोन पंचांसह पोलीस ठाण्यात जाऊन ही वेळ आणि पद्धत स्वतः सांगून यावे. धमकीचे फोनही तिथेच सांगावेत. आयर्विन पुलाजवळ नदीने इशारा पातळी गाठली की मंदिराचा हॉल लोकांसाठी उघडेल, असा ठराव पावसाळ्यापूर्वी करावा, म्हणजे ऐन पुरात किल्ली शोधत फिरावे लागणार नाही. आणि जूनच्या पहिल्या रविवारपूर्वी सभासदांची सभा बोलावून हा संपूर्ण विषय तिच्यापुढे ठेवावा. तिथे बहुमताने दार बंदच ठेवायचे ठरले, तर तो निर्णय मी मानीन, पण माझे म्हणणे मांडल्यावर.

नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या असतील. त्यांतली एक शिपाईकाकांना परत द्यावी, ही विनंती आहे. मी रोज साडेपाचला पायरीवर असते. काल तिथे आम्ही तिघी होतो, आणि पाऊस सुरू झाला तेव्हा एका छत्रीखाली बसलो.

कळावे,

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक जुनी सभासद,
सांगली